चार नंबरचं पिंप

५ जून

सूनबाई,

आशीर्वाद. पत्राआधी खोकं उघडलं असशील तर तुझी घाई अजून गेलेली नाही, आणि उघडलं नसशील तर खाली वर्तमानपत्र अंथरून उघड. आत पाच लहान बाटल्या आहेत. औषधाच्या दुकानातून रिकाम्या मागून आणल्या, उकळल्या, दोन दिवस उन्हात पालथ्या ठेवल्या. खोकल्याच्या औषधाचा वास गेलाय अशी माझी समजूत आहे. बुचांवर नंबर घातलेत, एक ते पाच. ज्या पिंपातली वाइन, त्याचा तो नंबर.

कशासाठी ते तुला कळलं असेलच. त्या सालची तोडणी होऊन पावणेतीन वर्षं होत आली आणि सगळी वाइन अजून पिंपातच आहे. आपला पिंपवाला रोज दुपारी माझ्याकडे जेवायला बसतो आणि पहिल्या घासाबरोबर सुरू होतो, "मालक, ही वाइन आहे. भिंतीवर टांगायचा फोटो नाही." चाळीस वर्षं या माणसाने माझी पिंपं बांधली, ठोकली, गळती काढली, म्हणून ऐकून घेतो. दुसरा कुणी असता तर पुढचं ताट उचलून आत नेलं असतं.

खरी गोष्ट अशी की मलाच धीर होत नव्हता. ठरवायचं, चाखायला वाइन काढायची काचेची नळी घ्यायची, तळघराच्या पायऱ्या उतरायच्या, एखाद्या पिंपावरची धूळ पुसायची आणि परत वर यायचं. पण येत्या तोडणीला रिकामी पिंपं लागतील. आता पाचांचा मेळ बांधायलाच हवा. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, हे ठरवायचं. आणि माझं नाक तर कामातून गेलं. दूध उतू गेलेलं मला आता आवाजावरून कळतं. तुझं नाक त्या साबणाच्या कारखान्याने पगार देऊन ठेवलंय. ते थोडं घरच्यांसाठीही वापर.

चार नंबर कुणाचं ते तुला सांगायला नको. आपल्या उंटाने (बाप असून मी त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही, तळघराच्या कमानीला रोज कपाळ आपटायचा) जुन्या मळ्याच्या वरच्या कडेच्या तीन ओळी एकट्याने तोडल्या, मला हात लावू दिला नाही, पिंप भरलं, झाकणावर खडूने चार काढला आणि त्याच आठवड्यात लेबलं छापून आणतो म्हणून स्कूटरवरून गेला तो परत आलाच नाही. तुझ्या नवऱ्याची ती शेवटची वाइन. माझ्या पोराने स्वतःच्या मनाने केलेली एकुलती एक.

ती कशी झालीय, एवढं मला कळायला हवं. बाकीचं सगळं त्यावर ठरेल.

फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने बनवतो. पत्रच लिही.

तुझे बाबा


१४ जून

बाबा,

नमस्कार. खोकं मिळालं, एकही बाटली फुटली नाही. खोकल्याच्या औषधाचा वास दोन नंबरच्या बुचाला थोडासा आहे, पण मी बूच लांब ठेवलं.

रविवारी सकाळी चहा घ्यायच्या आधी बसले. तुम्ही शिकवलं तसंच. खिडकी उघडी, पोट रिकामं, पांढरी चादर टेबलावर. हात मात्र तीनदा धुवावे लागले. आठवडाभर साबणाच्या वड्या हुंगते मी, बोटांना लव्हेंडर चिकटून बसतं. शेजारचा लिफ्टवाला म्हणतो की मी जिन्यात कुठपर्यंत आले ते त्याला न बघता कळतं. (लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या इमारतीची लिफ्ट मात्र महिन्यातून दोनदा बंद असते. त्याबद्दल त्याला काही म्हटलं की तो म्हणतो, न्हाव्याचेच केस वाढलेले असतात.)

आता ऐका.

एक नंबर. आधी तोडलेल्या द्राक्षांचं आहे, हे न सांगता कळतं. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी असते ना, प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी, तशी आहे. आंबट, टवटवीत, लाल बोरासारखी. एकटी फार वेळ सोसवत नाही, पण मेळात हवीच. ती नसेल तर बाकीच्या झोपतील.

दोन नंबर गोलमटोल. पिकलेलं आलुबुखार. तोंड भरून टाकते आणि मग काही बोलत नाही. भरपूर घ्या, कुणाशी भांडणार नाही.

तीनने जीभ खरखरीत पायपुसण्यावर पुसून निघाल्यासारखी झाली. पहिला घोट मी जवळजवळ थुंकलाच. पण पेला अर्धा तास तसाच ठेवला आणि परत आले, तर काळी मिरी! आणि खाली गोड धूर. थोडी घ्या. कणा तिचाच लागेल.

पाच म्हणजे खरा जुना मळा. पेन्सिल तासल्याचा वास, पाणी मारलेल्या दगडाचा वास, आणि गिळल्यावर कडू चॉकलेट जिभेच्या मागे जाऊन बसतं ते उठतच नाही. मी ती पिऊन भांडी घासली, कपडे वाळत घातले, तरी ती होतीच. नव्वद वर्षांच्या वेलींना एवढं काय सांगायचं असतं कोण जाणे.

चार शेवटी उघडली. छान आहे, बाबा. त्याच्यासारखीच आहे. जास्त लिहिता येत नाही.

तब्येतीला जपा. पिंपवाल्या काकांना सांगा, त्यांच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवते.

तुमची सून


२२ जून

सूनबाई,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून वाचलं. मग पिंपवाल्याला दोनदा वाचून दाखवलं आणि चार नंबरची ओळ आली की दोन्ही वेळा थांबून त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने फक्त भाकर मोडली.

"बोल की आता," मी म्हटलं.

"काय बोलू? तिने लिहिलंय, मी ऐकलं."

"छान आहे, असं लिहिलंय."

"ऐकलं म्हटलं ना."

त्याचं तोंड का बंद झालं ते तुला सांगतो. पिंपात वाइन गप्प बसत नाही, लाकडातून उडत राहते. महिन्याला दोनेक लिटर कमी होतात आणि तेवढी जागा दुसऱ्या वाइनने काठोकाठ भरावी लागते, हे तुला मीच शिकवलं. एक, दोन, तीन, पाच यांना मी दर पंधरवड्याला भरत आलो. चारला भरलं नाही. एकदाही नाही. पिंपवाला भांडं भरून घेऊन उभा राहायचा आणि मी बुचावर हात ठेवून उभा. "मालक, वर हवा साठतेय." साठू दे. पोराने तुडवलेल्या द्राक्षांत दुसऱ्या कुणाचं काही ओतायचं म्हणजे आज एक लिटर, उद्या दोन, आणि पावणेतीन वर्षांनी त्यात त्याचं किती उरलं असतं? मला ते पूर्ण त्याचं हवं होतं. थेंबन्‌थेंब.

या माणसाने मला किती बोलावं! तळघर सोडून जाईन म्हणाला. एकदा तर माझं मनगट धरलं. आणि आज तुझं पत्र आलं. त्याच्यासारखीच आहे म्हणतेस! मी जपलं म्हणूनच ना?

तेव्हा ठरलं. पंधरा जुलैला मेळ बांधायचा. पाचही पिंपं मोठ्या टाकीत, आणि चार नंबर सगळंच्या सगळं, मागे काही ठेवायचं नाही. या सालच्या प्रत्येक बाटलीत तो असेल.

आणखी एक. तुझी खोली काल स्वच्छ केली. खिडकीची कडी बसत नव्हती, ती बसवली. तिकडे साबण हुंगत आयुष्य काढायचं वय नाही तुझं. जुना मळा माझ्यामागे सांभाळायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि खरं म्हणजे तुझ्याइतकं कुणी नकोही आहे. पंधराला ये. आलीस की मग जायचं की नाही ते बघू.

तुझे बाबा

ता. क. लिफ्टवाल्याला म्हणावं, आधी स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट नीट कर.


२५ जून

पोरी,

मी पिंपवाला काका. मला लिहायची सवय नाही, अक्षर लावून घे. मलम मिळालं, गुडघा बरा आहे.

चार नंबर आंबलंय. बाटली मी भरली. नळी आत घातली तेव्हाच डोळ्यांत झोंबलं. पिंपाच्या वरच्या भागात नुसती हवा आहे, जवळजवळ पाव पिंप हवा. त्या हवेत वाइनचं जे होतं तेच झालं. तुझ्या नाकाला कळलं नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तुला कळलं आणि तू खोटं लिहिलंस.

का लिहिलंस ते मला कळतं. मीही पावणेतीन वर्षं त्याच्यासमोर जेवलो. मी भांडलो, पण "आंबलंय" हा शब्द मी पण एकदाही काढला नाही. म्हणालो हवा साठतेय, म्हणालो बरं नाही. तो शब्द तोंडातून बाहेर येत नाही. पोरगं मी खांद्यावर खेळवलंय.

पण आता तो ते बाकीच्यांत ओतणार. सडकं एक टोपलीत गेलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. मग पाचही गेली. त्या म्हाताऱ्या वेली एका खोडाला चार घड देतात. कुठली वेल कुठल्या जातीची ते त्याच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं, एका ओळीत वीस प्रकार. अशी वाइन बाजारातून आणून भरता येत नाही. सालच जाईल. आणि जेव्हा त्याला कळेल की सगळं साल त्याच्या हाताने आणि पोराच्या पिंपाने बिघडलं, तेव्हा तो माणूस उरेल का?

माझं तो ऐकणार नाही. माझं तोंड त्याला रोज दिसतं. तुझं ऐकेल. लवकर लिही.

तुला पत्र लिहिलं हे त्याला सांगितलेलं नाही. सांगेन.

काका


२ जुलै

बाबा,

हे पत्र बसून वाचा. पाणी जवळ ठेवा.

मी तुमच्याशी खोटं बोलले. चार नंबर छान नाही. बूच काढलं आणि मला मान मागे घ्यावी लागली. नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास, त्याच्या मागे व्हिनेगर. मी पेला हलवून बघितला, ठेवून बघितला, दुसऱ्या दिवशी परत बघितला. त्याच्या खाली कुठेतरी चांगलं काहीतरी होतं असं वाटतं, अंजिरासारखं, पण ते मला हवं होतं म्हणून वाटलं की खरंच होतं, हे मी सांगू शकत नाही. कारखान्यात मी दिवसाला शंभर वड्या तपासते, बिघडलेली वडी एका क्षणात बाजूला करते. ही बाटली मी तीन दिवस टेबलावर ठेवली.

मला "छान आहे" एवढंच लिहिता आलं. वाटलं, पाचांतलं एक पिंप, तुम्ही थोडंसं त्याच्या नावाने घालाल, बाकीचं राहू द्याल, कुणाचं काय बिघडतं. तुम्ही सगळंच्या सगळं घालणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. तुम्हाला मी दहा वर्षं ओळखते.

एक थेंबही घालू नका, बाबा. बाकी चार पिंपं फार सुंदर आहेत, त्यांच्याबद्दल मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.

आणि खोटं बोलायचं आणखी एक कारण होतं. ते आत्ता लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

मी लग्न करतेय. लिफ्टवाल्याशी. ऑगस्टच्या शेवटी, कार्यालयात सह्या करून, दुसरं काही नाही. वर्षभर तुम्हाला सांगायचं म्हणून दर पत्रात त्याचं एखादं वाक्य टाकत होते, की तुम्ही विचाराल. तुम्ही त्याच्या लिफ्टवर विनोद करायचात. तुमचं खोकं आलं तेव्हा मला वाटलं, आता एकाच पत्रात मी यांना किती सांगू? तुमच्या पोराची वाइन गेली आणि मीही चालले? म्हणून एक खोटं लिहिलं आणि एक लपवलं.

तो चांगला माणूस आहे. मी उंटाबद्दल बोलायला लागले की तो उठून जात नाही, मध्येच बोलतही नाही. याहून जास्त मी सांगणार नाही, ते तुम्हाला ऐकवणार नाही.

खोलीची कडी बसवलीत हे वाचून मी फार रडले.

तुमचीच


६ जुलै

तुझं पत्र मिळालं.

जायचं होतं तर सरळ जायचं. तुला कुणी दाराला कुलूप घातलं नव्हतं. त्यासाठी माझ्या पोराची वाइन आंबवायची गरज नव्हती. चौदा जूनला छान होती, दोन जुलैला व्हिनेगर झाली. अठरा दिवसांत वाइन अशी बदलत नाही. माणसं बदलतात.

पिंपवाल्याने तुला लिहिलं होतं हे त्याने काल मला सांगितलं. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. त्याला मी उद्यापासून जेवायला येऊ नको म्हणून सांगितलंय.

मेळ पंधरा तारखेला आहे. चार नंबर जाणार.


१० जुलै

बाबा,

मला हवं ते बोला. मी नवऱ्याला विसरले म्हणा, हे घर विसरले म्हणा. मी उलट एक अक्षर लिहिणार नाही.

फक्त एक करा. ओतायच्या आधी एकटेच खाली जा. काकांना बोलावू नका, माझं पत्र बरोबर नेऊ नका. चारचं बूच काढा आणि स्वतःच्या नाकाने वास घ्या. त्यानंतरही ओतावंसं वाटलं तर ओता. त्या वाइनच्या बाटल्या आल्या की मी पहिली पिईन आणि छान आहे म्हणेन.

तुमची सून


४ ऑगस्ट

सूनबाई,

आधी आशीर्वाद घे, कारण मागच्या पत्रात तो द्यायचा राहिला. विसरलो नव्हतो. दिला नव्हता.

चौदा तारखेला सकाळी खाली गेलो. तुझं पत्र वरच ठेवलं, तू सांगितलंस तसं. बूच काढलं तर आधी बारीक माश्या उडाल्या. तिथेच खरं तर कळायला हवं होतं. पण मी हटवादी, नळी घातली, पेला भरला, नाकाशी धरला.

कळलं.

आता तुला जे लिहितो ते मी पिंपवाल्यालाही अजून सांगितलेलं नाही. मला त्या दिवशी नाही कळलं, सूनबाई. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तो गेल्यावर आठ महिन्यांनी एकदा बूच हलवलं तेव्हा किंचित टोचलं होतं. तेव्हा भरलं असतं तर वाचलं असतं. मी बूच परत दाबलं, वर आलो, आणि त्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटलो की माझं नाक गेलं, मला वास येत नाही. नाक कुठे गेलंय! दूध उतू जायच्या आधी मला कळतं. वास येत होता म्हणूनच येत नाही म्हणत होतो.

आणि मग तुला बाटल्या पाठवल्या. जे मला ठाऊक होतं ते तू खोटं ठरवावंस म्हणून. तू बिचारीने ठरवलंस आणि मी तुझ्या त्या एका ओळीला धरून लोंबकळलो. वर तुलाच दोष दिला. मला माफ कर असं सासऱ्याने सुनेला लिहायचं असतं की नसतं मला माहीत नाही. लिहितोय.

ते पिंप मला जपायचं होतं. आणि जपायचं म्हणजे काय केलं? उपाशी ठेवलं. दर पंधरवड्याला बाकीच्या चौघांची ताटं वाढली आणि माझ्या पोराच्या ताटावर हात ठेवून बसलो, परक्याचं नको म्हणून. ते कमी कमी होत गेलं, त्याच्या उशाशी हवा साठत गेली, आणि मी बाहेरून झाकण पुसत राहिलो. पिंपवाला जर बाप असता तर त्याचं पिंप आज चांगलं असतं.

त्या पायरीवर किती वेळ बसलो कोण जाणे. मग वर आलो आणि पिंपवाल्याच्या घरी चालत गेलो. तो दारात कुऱ्हाडीला धार लावत होता. मी म्हटलं, "जेवायला चल."

"उद्यापासून नको म्हणाला होतात."

"आता तो उद्या संपला. चल."

जेवून झाल्यावर तोच म्हणाला, "चारचं व्हिनेगर बरं होईल. फुकट जायला नको." बरोबर होतं त्याचं. पण लोकांनी ते आपल्या कोशिंबिरीवर शिंपडावं हे मला सोसलं नसतं. दोघांनी बादल्या भरभरून जुन्या मळ्याच्या कडेच्या चरात नेऊन ओतल्या. सोळा बादल्या. मी धरल्या, त्याने ओतल्या, मग अर्ध्यावर माझ्याकडून होईना, तेव्हा त्याने दोन्ही केलं.

आंबलेलं पिंप परत वापरता येत नाही. लाकडात शिरलेलं असतं ते, पुढची वाइनही नासवतं. पिंपवाल्याने ते अंगणात आणलं आणि मला म्हणाला, "तुम्ही आत जा." मी गेलो नाही. त्याने कड्या ठोकून सैल केल्या, वरची, मग मधली, आणि शेवटची निघाली तशा सगळ्या फळ्या एकदम बाहेरच्या बाजूला पडल्या, फुलासारख्या. त्यानेच बांधलं होतं ते, उंट दहा वर्षांचा असताना. फळ्यांच्या आतल्या बाजू जांभळ्या होत्या. त्याने एक उचलली, हुंगली, खाली ठेवली आणि मग म्हातारा असा रडला की मलाच त्याला पाणी आणून द्यावं लागलं.

पंधराला मेळ बांधला नाही. कुणाच्या अंगात जीवच नव्हता. अठराला बांधला.

तुझं चौदा जूनचं पत्र टेबलावर ठेवलं, कारण त्यातल्या चार परिच्छेदांवर माझा पूर्ण विश्वास. मापाच्या काचेत आधी निम्मं दोन घेतलं, तुझी ती गोलमटोल. त्यात पाच, पाव भाग. मग तीन थोडी थोडी, थेंबांनी. जरा जास्त झाली की सगळ्यांना दटावायला लागायची. परत पहिल्यापासून. पिंपवाला म्हणे, "कणा हवा, काठी नको." सहा वेळा केलं. मग एक नंबर, शेवटी, आणि बाई गं, तू म्हणालीस तसंच झालं. तिने हात वर केला आणि सगळा वर्ग जागा झाला.

आता ऐक. रंग दाट, पेला तिरपा केला की कडेला विटेसारखा. वास आधी आलुबुखाराचा, मग मिरी, आणि नाक काढून घ्यावं तोवर तासलेली पेन्सिल. तोंडात मऊ जाते. मध्ये एका जागी जरा आवळते, मग सोडते, आणि सोडल्यावर थांबते किती! मी पेला ठेवून फाटकापर्यंत जाऊन आलो. होती. पन्नास वर्षांत अशी माझ्या हातून झालेली नाही. पिंपवाल्याने टोपी काढली. तो टोपी कुणासाठी काढत नाही.

आणि मी तुला खरं सांगतो, मला तेव्हा सगळ्यात वाईट वाटलं. बादल्या ओतताना नाही, पिंप फोडताना नाही, तेव्हा. मला वाटलं होतं की त्याच्याशिवाय ही पोकळ लागेल. कुठेतरी मध्ये जागा रिकामी राहील, एखादा घोट असा येईल की म्हणावं, इथे तो हवा होता. मी तो घोट शोधत पेल्यामागून पेला चाखला. नाही सापडला. कुठेही काही कमी नाही. त्याच्यावाचून ती पूर्ण झालीय, आणि चांगली झालीय, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

तुझाही नाही. हे लिहायला मला अठरा जुलैपासून आजपर्यंतचे दिवस लागले.

लिफ्टवाल्याबद्दल. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे तो मला आवडत नाही असं म्हणायची सोय नाही. प्रयत्न करून बघितला. उंटाबद्दल बोललीस की उठून जात नाही, हे तू लिहिलंस ते पुरे. लग्नाला मी येणार नाही. राग नाही. सह्या करायच्या खोलीत मागच्या खुर्चीवर एक म्हातारा डोळे पुसत बसलेला कुणाला हवाय? तू मला बाबा म्हणायचं सोडू नकोस. त्याने काय म्हणायचं ते त्याचं तो ठरवील, घाई नाही. मळ्याचं काय करायचं ते मी आणि पिंपवाला बघू. तुझ्या खोलीत कुणाला ठेवणार नाही, पण तू येशील म्हणून वाटही बघणार नाही. ते अजून पुरतं जमत नाही, पण जमायला हवं.

सोबत दोन बाटल्या आहेत. लेबल नाही. तासभर आधी उघड, उंच पेल्यात घे, आणि पहिला पेला एकटीने पी, दुसरा त्याला दे.

एकच सांगणं. पिताना उंटाला त्यात शोधू नकोस. माझं शोधून झालं. तो त्यात नाही.

तुझे बाबा